कर्जखते, माणसे आणि वाळू : शिरूर-दौंडमधील गुन्ह्याच्या व्याख्यांची दीडशे वर्षे

एखादे कृत्य मुळातच गुन्हा असते, की राज्यसत्ता त्याला गुन्हा म्हणते म्हणून ते गुन्हा ठरते, हा प्रश्न कायद्याच्या बहुतेक ग्रंथांत पहिल्या प्रकरणात उपस्थित केला जातो आणि तिथेच सोडून दिला जातो, कारण पुढच्या प्रकरणांना कलमांचा अर्थ लावायचा असतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर मात्र हा प्रश्न इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठच्या या पट्ट्यात सावकाराच्या घरातून कर्जखते काढून जाळणे, विशिष्ट जातीत जन्म घेणे, फासे लावून हरीण धरणे, नदीतून वाळू उचलणे, यात्रेत बैलगाडे पळवणे आणि परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे अशा एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टी कधी ना कधी गुन्ह्यांच्या यादीत आल्या आणि त्यांपैकी काही त्या यादीतून बाहेरही पडल्या. कृत्ये फारशी बदलली नाहीत. त्यांच्याकडे पाहणारी सत्ता, तिची गरज आणि कोणाचे नुकसान हिशेबात धरायचे याविषयीचा तिचा निर्णय बदलत गेला.

आज शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड किंवा यवत पोलीस ठाण्यात एखादी तक्रार पोहोचली, की तिचे वर्गीकरण एकाच वेळी अनेक अंगांनी होते. गुन्हा दखलपात्र असेल, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता पोलिसांना तपास व अटक करता येणारा असेल, तर प्रथम खबर नोंदवली जाते. अदखलपात्र असेल तर फिर्यादीच्या हाती नोंदीची प्रत देऊन त्याला न्यायालयाची वाट दाखवली जाते. मग तो जामीनपात्र आहे की नाही, दोन्ही पक्षांना आपसात मिटवता येण्यासारखा आहे की नाही, हे पाहिले जाते. महाराष्ट्र पोलिसांच्या दप्तरात याखेरीज आणखी एक विभागणी रूढ आहे: दंडसंहितेखालचे गुन्हे ‘भाग १ ते ५’ मध्ये, आणि दारूबंदी, जुगार यांसारख्या विशेष व स्थानिक कायद्यांखालचे गुन्हे ‘भाग ६’ मध्ये. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, ५११ कलमांची ३५८ झाली, चोरीचे कलम ३७९ वरून ३०३ वर गेले. विभागणीची ही चौकट मात्र जशीच्या तशी राहिली. ती इतकी अंगवळणी पडलेली आहे, की ती कोणीतरी कधीतरी आखलेली आहे याचा विसर पडतो.

पेशवाईच्या काळात या मुलखात चोरीचा विचार वेगळ्या पद्धतीने होत असे. गावाच्या राखणीची जबाबदारी रामोशी आणि इतर वतनदार राखणदारांवर असे, आणि चोरी झाली तर चोराचा माग काढत जाऊन तो माग ज्या गावाच्या शिवेत शिरतो त्या गावाच्या हवाली करणे, ही त्यांच्या कामाची रीत होती. माग शिवेबाहेर काढून देता आला नाही, तर त्या गावाने, पर्यायाने त्याच्या राखणदाराने, चोर हजर करावा किंवा ऐवज भरून द्यावा, अशी अपेक्षा असे. चोरी ही अशा व्यवस्थेत गावाच्या डोक्यावरची देणेदारी होती. जातीचे नियम मोडणे, व्यभिचार, मारामारी अशा बाबतीत राजदंड म्हणून सरकारला रक्कम आणि देवदंड म्हणून प्रायश्चित्त, असे दोन्ही भोगावे लागत, आणि या दंडाच्या रकमा सरकारी जमेत रीतसर धरल्या जात. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिथे दंड जात पाहून ठरत असे आणि गरिबाला पंचायतीत फारसा आवाज नसे. पण चोरी झाली की आधी भरपाई कोणी करायची हे ठरे, चोराला बंदीत टाकण्याचा विचार त्यानंतर येई, एवढे तिच्याविषयी निश्चित सांगता येते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि १८२७ मध्ये एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत मुंबई इलाख्याची नियमावली आली. तिच्यातील चौदाव्या नियमाने गुन्हे आणि शिक्षा यांची पहिली लेखी संहिता या भागाला लागू झाली, आणि १ जानेवारी १८६२ रोजी भारतीय दंडसंहिता अमलात येईपर्यंत ती चालली. नव्या व्यवस्थेत चोरी हा सरकारविरुद्धचा अपराध झाला; ज्याचा ऐवज गेला तो साक्षीदार उरला. रामोशांची राखणदारी या बदलात हळूहळू निरर्थक झाली, वतने आणि हक्क कमी झाले, आणि राखण करणारी माणसेच संशयित म्हणून पाहिली जाऊ लागली. पुरंदरच्या मुलखातील उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी देण्यात आले, त्यामागे या घसरणीचा मोठा भाग होता. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत असलेल्या कॅप्टन मॅकिंटॉशने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक प्रसिद्ध केले. एका माणसाच्या बंडाचा बंदोबस्त करता करता एका संपूर्ण जातीचे वर्णन लिहिले गेले, ही गोष्ट पुढे जे घडले त्याची सूचना देणारी होती.

या भागातील गुन्ह्याच्या इतिहासात सर्वांत जास्त कागद ज्या घटनेने निर्माण केले, ती म्हणजे १८७५ चा दख्खनचा उठाव. आजच्या दौंड तालुक्याचा बराचसा भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात मोडत असे, आणि ज्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी पहिला मोठा उठाव झाला, ते गावही भीमथडीतच होते. पण उठावाची खरी सुरुवात त्याआधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातील करडे या गावी झाली होती. तिथल्या काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या वजनदार कुळाविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि देशमुखांचे घर पाडले. त्यावर गावाने काळूरामवर बहिष्कार घातला. त्याच्या शेतावर कोणी जाईना, त्याच्याकडे पाणी भरायला कोणी मिळेना, न्हावी त्याची हजामत करीना, आणि शेवटी त्याला आपले बिऱ्हाड शिरूरला हलवावे लागले. आसपासच्या गावांतही सावकाराचे काम करणाऱ्याला पंगतीतून बाहेर काढण्याचे करार लेखी केले गेले. या बहिष्काराला दंडसंहितेत नेमके नाव नव्हते, त्यामुळे तो चालू असेपर्यंत दप्तरात फारसा दिसत नाही. पाच महिन्यांनी आग लागली तेव्हाच तो आधीची पायरी म्हणून कागदावर आला.

हे असे का झाले, याची कारणे कायद्याच्या घडणीतच होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले आणि कर्ज सहज मिळू लागले; युद्ध संपताच भाव कोसळले, पण कर्जे तशीच राहिली आणि त्याच सुमारास जमीनमहसुलाच्या फेरआकारणीत दर वाढवले गेले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज वर्षानुवर्षे साचू नये असा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात दर तिसऱ्या वर्षी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्याचा अंगठा त्याखाली उमटू लागला. दिवाणी न्यायालयात बोलावणे आले तरी कुणबी बहुधा जात नसे, मग एकतर्फी हुकूमनामा होई, आणि त्याच्या अंमलबजावणीत कर्जदाराला कैदेत टाकण्याचीही सोय होती. म्हणजे पैसे देता न येणे हे दिवाणी प्रकरण असूनही त्याचा शेवट तुरुंगात होऊ शकत होता, तर खोटे किंवा फुगवलेले खत लिहून घेणारा सावकार सहसा कोणत्याच कलमात सापडत नव्हता.

उठावाच्या वेळी लोकांनी काय केले, याबाबत सरकारने नेमलेल्या आयोगाच्या १८७६ च्या अहवालाचा निष्कर्ष स्पष्ट आहे. सावकाराकडची कर्जखते, हुकूमनामे आणि हिशेबाच्या वह्या मिळवून नष्ट करणे हा जमावाचा हेतू होता. कागद निमूट हाती दिले गेले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही, आणि ते नाकारले गेले तिथे दंगा झाला. सुप्यात व्यापाऱ्यांची घरे व दुकाने लुटली गेली, आणि चोवीस तासांच्या आत तिथून चौदा मैलांवरच्या एका गावात सावकाराची गंज व घर पेटवले गेले. मालमत्तेची हानी मोठी होती. माणसांविरुद्धची हिंसा त्या मानाने फार कमी होती. पोलिसांनी मात्र या सगळ्याचे रूपांतर उपलब्ध कलमांत केले: बेकायदा जमाव, दंगा, आग लावणे, आणि पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. पुणे जिल्ह्यात ५५९ माणसे पकडली गेली आणि ३०१ जणांना शिक्षा झाली; अहमदनगर जिल्ह्यात ३९२ पकडले गेले आणि २०० दोषी ठरले.

आता या आकड्यांकडे पाहताना एक विसंगती लक्षात येते. न्यायालयाने दरोडा, दंगा असे शब्द वापरून माणसांना शिक्षा दिली, आणि त्याच सरकारने नेमलेल्या आयोगाने त्याच घटनांची मीमांसा कर्ज, मुदतीचा कायदा, महसूल आणि दिवाणी न्यायालये यांच्या संदर्भात केली. एका दप्तरात त्या घटना गुन्हा होत्या, दुसऱ्यात त्या लक्षण होत्या. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १८९३ मध्ये मांडलेली कल्पना अशी, की समाजाच्या सामूहिक भावनेला जे कृत्य दुखावते ते गुन्हा ठरते. ती या घटनेला लावून पाहिली, तर पहिला प्रश्न हाच येतो की भावना कोणाची मोजायची. करड्याच्या किंवा भीमथडीच्या गावकऱ्यांच्या सामूहिक भावनेला खत जाळल्याने धक्का बसला नव्हता, देशमुखांचे घर पाडल्याने बसला होता. कायद्याने मात्र पहिल्या कृत्याला शिक्षा केली आणि दुसऱ्याला हुकूमनाम्याची अंमलबजावणी मानले. रणजित गुहा यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात शेतकऱ्यांच्या उठावांना सरकारी लिखाणात गुन्ह्याचे रूप कसे दिले जाते याचे विश्लेषण केले आहे, आणि त्यासाठी दख्खनइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल.

उठावानंतर चार वर्षांनी, १८७९ च्या फेब्रुवारीत, शिरूर तालुक्यातील धामारी गावावर पडलेल्या दरोड्याने वर्गीकरणाचा पेच आणखी वाढवला. लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेले, १८४५ मध्ये शिरढोण येथे जन्मलेले वासुदेव बळवंत फडके आणि त्यांच्याबरोबरचे रामोशी यांचा हा पहिला मोठा छापा मानला जातो. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर सशस्त्र उठावासाठी पैसा उभारणे हा त्यामागचा हेतू होता, आणि फडक्यांनी तो उघडपणे जाहीर केला. कृत्य पाहिले तर तो दरोडा होता, हेतू पाहिला तर राजद्रोह. जुलै १८७९ मध्ये विजापूरकडच्या देवर नावडगी येथे त्यांना पकडल्यानंतर पुण्यात चाललेल्या खटल्यात सरकारने दोन्ही आरोप ठेवले, सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांच्या बचावाचे काम पाहिले, आणि जन्मठेपेची शिक्षा भोगण्यासाठी त्यांना एडनला पाठवण्यात आले; तिथेच १८८३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. स्वतंत्र भारतात फडके आद्य क्रांतिकारक ठरले. त्यांच्या साथीला असलेले रामोशी मात्र त्या गौरवात नावापुरते उरले, ही उणीव चरित्रकारांच्या माथी आहे.

त्याच १८७९ साली दख्खन शेतकरी दिलासा कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झालेल्या या कायद्याने शेतकऱ्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैदेत टाकणे बंद केले, न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला, खते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिण्याची अट घातली, आणि मुदत वाढवली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. खत जाळणे या कायद्याने निर्दोष ठरले नाही, पण खत हा पवित्र दस्तऐवज आहे ही समजूत त्याने मोडली, आणि तीच मोडावी म्हणून तर १८७५ मध्ये खते जाळली गेली होती.

१८७५ आणि १८७९ मध्ये कृत्यांचे वर्गीकरण झाले. त्यानंतर माणसांचे सुरू झाले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता, १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह सर्वत्र लागू करता येऊ लागला, आणि १९२४ मध्ये त्याला आणखी पक्के रूप मिळाले. प्रांतिक सरकारने राजपत्रात अधिसूचना काढली, की एखादी जमात, टोळी किंवा माणसांचा वर्ग ‘गुन्हेगार’ ठरत असे, आणि त्या अधिसूचनेच्या योग्यायोग्यतेचा विचार कोणत्याही न्यायालयाला करता येत नसे. या एका तरतुदीत कायद्याचा सगळा गाभा होता, कारण गुन्हा शाबीत होण्यासाठी जी प्रक्रिया लागते, तीच तिने रद्द केली. नोंद झालेल्यांचे बोटांचे ठसे घेतले जात, त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे, त्यांच्या मुलांना वेगळे काढून सुधारगृहवजा शाळांत ठेवता येत असे, आणि ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षे आणि तिसऱ्यांदा ठरल्यास जन्मठेप अशी शिक्षा लिहिलेली होती. सोलापूरसारख्या ठिकाणी काटेरी तारेच्या आत वसाहती उभ्या राहिल्या.

शिरूर-दौंडच्या माळरानावर फिरणाऱ्या पारधी कुटुंबांना या वर्गीकरणाचा जाच सर्वांत जास्त झाला. फासे आणि जाळी लावून हरीण, ससा, तितर धरणे हा त्यांचा परंपरागत धंदा होता, आणि गावातली माणसे त्यांची शिकार विकतही घेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो धंदाच गुन्हा केला. काळवीट आणि चिंकारा यांचे रक्षण आवश्यक होते याबद्दल दुमत नाही. सुप्याजवळ चिंकाऱ्यासाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले तेही योग्यच. पण धंदा बंद करताना ज्यांना दुसरा धंदा द्यायला हवा होता त्यांना जमीन, घर आणि ओळखीचा कागद मिळाला नाही, आणि मग रानात फासे दिसले तर एक गुन्हा व पालाजवळ हातभट्टी दिसली तर दारूबंदी कायद्याखाली दुसरा, असा त्यांचा ठाण्याशी संबंध चालू राहिला.

गुन्हेगार जमाती कायदा मुंबई प्रांतात १९४९ मध्ये आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस आजही विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. नोंद झालेल्या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले गेले आणि महाराष्ट्राने रामोशी, बेरड, कैकाडी, कंजारभाट, वडार, राजपारधी अशा चौदा समूहांची यादी केली. इथेही वर्गीकरणाने आपला खेळ केला: राजपारधी आणि पालपारधी विमुक्तांच्या यादीत गेले, फासेपारधी अनुसूचित जमातींच्या यादीत. एकाच पालावरच्या सोयरिकीतल्या दोन कुटुंबांना त्यामुळे वेगवेगळे दाखले, वेगवेगळ्या सवलती आणि वेगवेगळे खेटे पडतात. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि इदाते आयोगाने त्यानंतर दहा वर्षांच्या आत अहवाल दिले, तरीही गावात चोरी झाली की आधी पालावर जायचे, ही पोलिसी सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. १९५२ नंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. त्यांत जमातीऐवजी व्यक्तीचे नाव आले, पण पाळत, हजेरी आणि नोंदवही ही साधने जुनीच राहिली.

तिसरा टप्पा वस्तूंचा आहे आणि त्यात सर्वांत पुढे वाळू. भीमेच्या आणि घोडेच्या पात्रातली वाळू पूर्वी गावकरी बैलगाडीने न्यायचे, घर बांधायचे, आणि त्याला कोणी चोरी म्हणत नसे. पुणे शहर, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती वाढल्या तशी वाळूला किंमत आली. फायबरच्या बोटी, सक्शन पंप, पोकलेन आणि हायवा पात्रात उतरले, आणि दौंडच्या पूर्वेकडे उजनीच्या फुगवट्यापर्यंत उपसा पोहोचला. कायद्याच्या दृष्टीने वाळू हे गौण खनिज, म्हणजे ज्यावर नियम करण्याचा अधिकार राज्याकडे दिलेला आहे असे खनिज, आणि त्याची मालकी सरकारची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमात बेकायदा उपशासाठी बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहन जप्तीची तरतूद आहे. म्हणून बरीच वर्षे हा महसूल खात्याचा, तहसीलदाराच्या पंचनाम्याचा आणि दंडाच्या पावतीचा विषय राहिला. दंड भरायचा आणि पुन्हा उपसा करायचा, हा काही जणांच्या धंद्यातला खर्चच झाला. २०१४ मध्ये दिल्लीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खनिज कायद्याखाली कारवाई होत असली तरी नदीतील वाळू परवानगीशिवाय नेणे ही दंडसंहितेखाली चोरीही ठरू शकते. त्यानंतर तोच उपसा एकाच वेळी महसुली अपराध, खनिज कायद्याचा भंग आणि चोरी झाला.

महाराष्ट्राने आणखी एक पाऊल पुढे टाकले. झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याशिवाय स्थानबद्ध करण्यासाठी १९८१ मध्ये केलेल्या कायद्यात, जो ‘एमपीडीए’ या नावाने ओळखला जातो, आधी धोकादायक व्यक्ती, नंतर चित्रफितींची चोरी करणारे आणि मग २०१५ च्या दुरुस्तीने वाळू तस्कर यांची भर पडली. आता जिल्हाधिकारी पोलिसांच्या प्रस्तावावर एखाद्या माणसाला ‘वाळू तस्कर’ ठरवून जास्तीत जास्त एक वर्ष स्थानबद्ध करू शकतात. सल्लागार मंडळ त्या आदेशाची छाननी करते, पण आरोप शाबीत व्हावा लागत नाही. भीमेचे पात्र खरवडून काढणाऱ्यांविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण नाही. त्यांनी काठची शेती, पाणीपातळी आणि पूल यांचे केलेले नुकसान उघड आहे, आणि महसूल पथकांवर झालेले हल्लेही. तरीही कृत्याला शिक्षा करणारा कायदा हाती असताना माणसाला प्रकार म्हणून बंदिस्त करणारा कायदा वापरावा लागणे, हे तपास आणि खटले चालवणाऱ्या यंत्रणेच्या अपयशाचे लक्षण आहे, असेच म्हणावे लागते. ‘धोकादायक व्यक्ती’ या कलमाची भाषा आणि १९११ च्या अधिसूचनांची भाषा शेजारी ठेवून वाचली, तर जातीचा उल्लेख गेला आहे आणि संशयाची रचना टिकून आहे हे दिसते.

वस्तूंच्या याद्या किती झटक्यात बदलतात याचे दुसरे उदाहरण कुरकुंभचे. मेफेड्रोन हे रसायन फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने अमली पदार्थविषयक कायद्याच्या परिशिष्टात आले. त्याआधी ते बाळगणाऱ्याला या कायद्याने धरता येत नव्हते. त्यानंतर नऊ वर्षांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून त्याचा सहाशे किलोहून जास्त साठा जप्त केला.

बैलगाडा शर्यतीची गोष्ट याच्या उलट दिशेने गेली. शिरूर, खेड, आंबेगाव आणि जुन्नर या पट्ट्यात गावच्या यात्रेला बैलगाडा घाटात पळतो, घाट म्हणजे इथे शर्यतीची चढी धावपट्टी, आणि एका गाड्याची धाव म्हणजे एक बारी. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्याचा आधार त्यासाठी होता, आणि यात्रा कमिट्यांचे पदाधिकारी, बैलगाडा मालक हे एका दिवसात आरोपीच्या जागी येऊन बसले. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, ती उच्च न्यायालयात अडकली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या सात वर्षांत बैल, घाट आणि यात्रेचे दैवत तेच होते. या प्रकरणात ज्यांचा आवाज विधानसभेत पोहोचतो अशा समाजाचे कृत्य गुन्ह्यांच्या यादीतून बाहेर काढले गेले. पारध्यांच्या फाशांसाठी तसा आवाज कोणी दिला नाही. प्राण्याच्या वेदनेचा मुद्दा दोन्हीकडे होता आणि एकीकडे त्यावर नियमांचा तोडगा निघाला, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

सावकारीचे वर्तुळही याच काळात फिरले. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याची जागा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याने घेतली. त्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वसुलीसाठी कर्जदाराचा छळ करणे हा गुन्हा आहे, आणि बेकायदा सावकारीतून बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश सहकार खात्याचा जिल्हा निबंधक देऊ शकतो. १८७५ मध्ये कर्जदार आरोपीच्या पिंजऱ्यात होता आणि सावकार फिर्यादी. आता कायद्याने जागा बदलल्या आहेत. प्रत्यक्षात शेतकरी तक्रार द्यायला कचरतो, कारण पुढच्या पेरणीला पैसे त्याच माणसाकडून घ्यायचे असतात, आणि व्यवहार खरेदीखताच्या रूपात लिहिलेला असतो.

या सगळ्याची मोजदाद जिथे होते तिथेही एक गाळणी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात एका प्रथम खबरेत अनेक कलमे असली, तर त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. वाळूच्या वाहनाने तलाठ्याला चिरडण्याचा प्रयत्न केला, तर आकडेवारीत तो खुनाचा प्रयत्न होतो आणि वाळूची चोरी गळून पडते. दंडाची पावती फाडून सोडलेला ट्रॅक्टर तर त्या पुस्तकात कधी येतच नाही. म्हणून एखाद्या तालुक्यात गुन्हे वाढले की घटले, हे सांगणाऱ्या बातमीत वस्तुस्थितीइतकाच नोंदीच्या पद्धतीचाही वाटा असतो.

कृत्याचे वर्गीकरण चुकले तर ते न्यायालयात, विधिमंडळात किंवा आयोगापुढे दुरुस्त करता येते, हे दिलासा कायद्याने आणि बैलगाड्याने दाखवून दिले; माणसाचे वर्गीकरण चुकले तर ते त्याच्या नातवापर्यंत पोहोचते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या सराईत गुन्हेगारांच्या नोंदवह्यांचा विचार करताना सर्व राज्यांना सांगितले, की मागास व उपेक्षित समाजांतील माणसांची नावे त्यांत सरधोपटपणे चढवली जाऊ नयेत आणि नोंदींची वेळोवेळी तपासणी व्हावी. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला तुरुंगांतील जातीवर आधारित कामवाटप रद्द करताना विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या प्रथेवरही न्यायालयाने बोट ठेवले. पुणे ग्रामीण पोलिसांना यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड आणि यवत या पाच ठाण्यांतील सराईतांच्या याद्या काढून, ज्यांच्यावर न्यायालयात एकही दोषसिद्धी नाही अशी नावे त्यांतून वगळावीत, राहिलेल्या प्रत्येक नावापुढे निकालाचा क्रमांक लिहावा, आणि हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांनी दरवर्षी करून घ्यावे.